धागा तुटला की माग थांबतो



मागच्या उन्हाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला खेडेगावी जायचा योग आला. सकाळची एस्.टी. चुकली, दुसरी दुपारी होती आणि मुहूर्त साडेबाराचा. मग तालुक्याच्या स्टँडवरून भाड्याची गाडी केली. गाडी टोयोटा कंपनीची, इनोव्हा. रंग उडालेला, आसनांवर टॉवेल अंथरलेले, पण गाडी घाट चढत होती ती एखाद्या तरण्या बैलासारखी. ड्रायव्हर बोलका होता. म्हणाला, "सर, चार लाख किलोमीटर झालेत. इंजिन अजून खोललं नाही." मी विचारले, दुसरी स्वस्त गाडी का नाही घेतली? तो म्हणाला, "स्वस्त घेऊन काय करू? रस्त्यात थांबली तर भाडं जातं, वर शिव्या खायच्या. ही थांबत नाही."

"ही थांबत नाही." एवढ्या तीन शब्दांत एका कारखान्याची ख्याती त्याने सांगून टाकली. गंमत अशी की, ज्या कंपनीची गाडी थांबत नाही म्हणून जगभर नाव झाले, तिची सगळी कथा थांबण्यापासून सुरू होते, आणि तीही मोटारीच्या नव्हे, मागाच्या थांबण्यापासून. ती कथा आज आपल्याला सांगायची आहे. त्यात यश आहे तसे अपयशही आहे, आणि अलीकडच्या काळातली थोडी लाजही आहे. तीही सांगतो, कारण नुसती स्तुती ऐकायला आपण रेडिओ लावून बसलेला नाहीत.

जपानच्या किनाऱ्यालगत, टोकियो आणि ओसाका या दोन मोठ्या शहरांच्या मधल्या भागात, एका लहान खेड्यात १८६७ साली साकिची तोयोदा या मुलाचा जन्म झाला. बाप सुताराचे काम करी, थोडी शेती करी. आई रात्री हातमागावर कापड विणी. तोयोदा या आडनावाचा अर्थ भरघोस पिकाचे भातखाचर. आपल्याकडे कोकणात किंवा मावळात शोभावे असे हे आडनाव. साकिचीने बापाकडून रंधा आणि पटाशी शिकून घेतली, पण त्याचे लक्ष आईच्या मागाकडे. एक हात धोटा फेकायला, दुसरा धागा ठोकायला; दिवसभराचे काम उरकून बाई रात्री असे राबते, हे त्याला बघवेना. माग मोडून पाहायचा, पुन्हा जोडायचा, हाच त्याचा उद्योग. गावातले लोक म्हणत, पोरगं वाया गेलं. बापालाही ते पटेना.

१८९० साली टोकियोला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. साकिची तिथे जाऊन यंत्रे पाहून आला, आणि त्यानंतर त्याने एका हाताने चालवता येईल असा लाकडी हातमाग बनवला. १८९१ साली त्याचे पेटंट मिळाले. पुढे १८९६ मध्ये वाफेवर चालणारा यंत्रमाग झाला. आणि १९२४ मध्ये तो माग आला, ज्याच्यासाठी साकिचीचे नाव आजही घेतले जाते.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या श्रोत्यांना मागाची रीत सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. त्यांतून धोटा इकडून तिकडे आडवा धागा घेऊन धावतो, तो बाणा. धोट्यातली कांडी संपली की माग थांबवून दुसरी घालायची. आणि ताण्याचा एखादा धागा तुटला आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही, तर माग बापडा चालतच राहतो, आणि हातभर कापड खराब करून ठेवतो. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा हवा. साकिचीच्या १९२४च्या मागात धोटा माग न थांबवता आपोआप बदले. आणि धागा तुटला की माग आपला आपण थांबे. आता मागाकडे टक लावून पाहायला माणूस नको. थांबलेल्या मागाकडे जायला माणूस हवा. एका कामगाराला तीस तीस माग सांभाळता येऊ लागले.

या कल्पनेला जपानी भाषेत एक शब्द आहे, 'जिदोका'. यंत्राला माणसाची अक्कल देणे, असा त्याचा साधारण भाव. यंत्राला वेग तर इंग्रजांनीही दिला होता. साकिचीने यंत्राला चूक ओळखून गप्प उभे राहायला शिकवले.

यंत्रमागाचे माहेर म्हणजे इंग्लंडातला लँकेशायर प्रांत. तिथल्या ओल्डहॅम गावी प्लॅट ब्रदर्स ही मागांची फार मोठी कंपनी होती. १९२९ च्या डिसेंबरात त्या कंपनीने या जपानी मागाचे हक्क घेण्याचा करार केला. ठरलेली किंमत एक लाख पौंड. ज्यांच्याकडून जपान यंत्रे विकत घेत आला, त्यांनीच जपानी सुताराच्या मुलाची युक्ती विकत घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. करारासाठी साकिचीचा मुलगा किइचिरो विलायतेला गेला होता. तो टोकियो विद्यापीठातून इंजिनिअर झालेला. याच प्रवासात त्याने अमेरिकाही पाहिली, आणि तिथे रस्ता ओलांडायला जागा मिळू नये इतक्या मोटारी पाहिल्या. पुढच्या वर्षी, १९३० च्या ऑक्टोबरात, साकिची वारला. किइचिरोच्या डोक्यात मात्र मोटार शिरली ती शिरलीच.

१९३३ साली त्याने मागाच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग उघडला. कंपनीतल्या जुन्या मंडळींना हे खुळच वाटले असणार. कपडा विणणाऱ्यांनी मोटारी कशाला करायच्या? पहिले इंजिन झाले १९३४ मध्ये, आणि पहिला मालट्रक १९३५ च्या नोव्हेंबरात लोकांसमोर आला. तो ट्रक कसा होता? सांगायला हरकत नाही, वाईट होता. वारंवार मोडे. विकलेल्या ट्रकच्या मागोमाग कंपनीची माणसे दुरुस्तीला धावत. प्रत्येक मोडतोडीची नोंद झाली आणि शेकडो दुरुस्त्या केल्या गेल्या. आज जिच्या भक्कमपणाच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या कंपनीची पहिली गाडी रस्त्यात उभी राहणारी गाडी होती, एवढे ध्यानात असू द्या.

नावाचीही एक कथा आहे. कुटुंबाचे आडनाव तोयोदा. गाडीचे नाव टोयोटा. १९३६ साली कंपनीने बोधचिन्हासाठी स्पर्धा लावली, सुमारे सत्तावीस हजार चित्रे आली. निवडलेल्या चित्रात 'दा'चा 'टा' झाला होता. जपानी लिपीत असे लिहिले की लेखणीचे आठ फटकारे होतात, आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. शिवाय उच्चार खणखणीत होतो. आणि घराण्याचे नाव ते कंपनीचे नाव न राहता कंपनी थोडी सगळ्यांची झाली. २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र उभी राहिली. तिचा मोठा कारखाना कोरोमो या गावी झाला. पूर्वी रेशमावर जगणारे हे गाव रेशीमधंदा बसल्याने उतरणीला लागले होते. १९५९ मध्ये त्या गावाने आपले नावच बदलून टोयोटा करून घेतले.

मधला युद्धाचा काळ मी लवकर ओलांडतो. लष्करासाठी ट्रक, पोलादाची टंचाई आणि शेवटी शरणागतीच्या आदल्या दिवशी कारखान्यावर पडलेले बाँब. पण युद्धानंतरची एक घटना सोडून पुढे जाता येत नाही. १९४९ मध्ये महागाई रोखण्यासाठी जपानात सरकारने पैशाचा हात आवळला. ट्रक विकले जाईनात. विकले त्यांचे पैसे येईनात. कंपनी बुडायला आली. बँकांनी कर्ज दिले ते अटी घालून. माणसे कमी करा, ही त्यातली एक. किइचिरोने कामगारांना शब्द दिला होता की, कुणाला काढणार नाही. १९५० च्या एप्रिलपासून जूनपर्यंत संप चालला. अखेर दोन हजारांच्या आसपास माणसे गेली. आणि शब्द पाळता आला नाही म्हणून किइचिरोनेही अध्यक्षपद सोडले.

आता दैवाचा खेळ पाहा. त्याच जूनच्या अखेरीस कोरियात युद्ध पेटले आणि अमेरिकन सैन्याने टोयोटाकडे ट्रक मागायला सुरुवात केली. कारखाना तरला. दोन वर्षांनी किइचिरोला परत अध्यक्ष म्हणून बोलावण्याचे ठरले, पण मार्च १९५२ मध्ये तो वारला. वय सत्तावन्न. ज्या मोटारींसाठी त्याने हे सारे केले, त्या जगभर धावताना त्याने पाहिल्या नाहीत.

त्या १९५० सालीच किइचिरोचा चुलतभाऊ एइजी तोयोदा अमेरिकेत फोर्डचा प्रचंड कारखाना पाहायला गेला होता. फोर्ड दिवसाला आठ हजार गाड्या काढी. टोयोटा चाळीस. फोर्डची नक्कल करायला ना पैसा होता, ना जागा, ना तेवढे गिऱ्हाईक. एकाच नमुन्याचे लाखो भाग करून कोठारात रचून ठेवायचे, ही श्रीमंताची रीत. गरिबाने काय करावे?

याचे उत्तर शोधले तैइची ओनो नावाच्या एका अधिकाऱ्याने. ओनो मूळचा मोटारवाला नव्हे. तोही तोयोदांच्या सूतगिरणीत उमेदवारी केलेला. त्याने दोन गोष्टी धरल्या. पहिली अशी की, पाहिजे ती वस्तू, पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढीच करायची. अमेरिकेतल्या सुपरमार्केट दुकानांत फळीवरून जेवढा माल उचलला जाई तेवढाच मागून भरत. त्यावरून त्याला ही वाट दिसली. आपल्या घरातले उदाहरण घ्या. तेलाची बरणी रिकामी झाली की घरातली बाई ती ओट्याच्या कडेला काढून ठेवते. कुणाला चिठ्ठी लिहीत नाही. रिकामी बरणी हीच चिठ्ठी. ती पाहिली की घरातला मुलगा वाण्याकडे जातो. ओनोने रिकाम्या पेटीबरोबर एक कार्ड ठेवले, त्याला 'कानबान' म्हणतात. कार्ड मागच्या विभागाकडे गेले की तेवढाच माल तयार व्हायचा. कार्ड नाही तर काम नाही. जादा माल म्हणजे संपत्ती नव्हे, ती नासाडी, असे तो म्हणे. आमच्याकडे कोठारात गंजत पडलेले सामान पाहून 'भरलेलं घर' म्हणणारे पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट त्याने थेट साकिचीच्या मागावरून घेतली. गाड्या जोडण्याची रांग सतत पुढे सरकत असते. अमेरिकेत नियम असा की काही झाले तरी रांग थांबवायची नाही. चूक राहिली तर शेवटी बाजूला घेऊन दुरुस्त करू. ओनोच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. स्क्रू नीट बसला नाही, भाग वाकडा दिसला, काही शंका आली, तर साध्यातल्या साध्या कामगाराने दोरी ओढायची. वर दिव्यांच्या फळीवर त्याच्या जागेचा आकडा पेटतो, संगीत वाजते, गटप्रमुख धावत येतो. ठरल्या वेळात दुरुस्त झाले तर ठीक, नाहीतर रांग थांबते. आणि थांबवल्याबद्दल कुणी रागावत नाही. निदान रागावू नये असा रिवाज आहे.

त्याच्या जोडीला आणखी एक सवय, पाच वेळा 'का' विचारायची. आपल्या विहिरीवरचा पंप घेऊ. पाणी येईना. का? फूटव्हॉल्व्हमध्ये चिखल अडकला. का अडकला? जाळी फाटली. का फाटली? ती विहिरीच्या तळाला घासत होती. का घासत होती? विहिरीत हातभर गाळ साचला आहे. का साचला? वरच्या अंगाचा बांध फुटला तो कुणी घातलाच नाही. आपण काय करतो? फूटव्हॉल्व्ह साफ करतो, फार तर नवी जाळी आणतो, आणि मेकॅनिकला दोन शिव्या देतो. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. पाचव्या 'का'पर्यंत गेल्याशिवाय बांधापर्यंत कुणी पोचत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे माझी एक गोष्ट सांगू द्या. वीसेक वर्षे मी कॉलेजात शिकवतो. तास संपता संपता विचारायची सवय आहे: "समजलं ना?" मुले एका सुरात म्हणतात, "हो, सर." एका वर्षी भाववाढीचा निर्देशांक शिकवला, चांगला चार तास शिकवला, आणि चाचणीचे पेपर तपासायला घेतले तो अर्ध्या वर्गाची चूक एकच! तीही पहिल्याच दिवसाच्या मुद्द्यातली. एका मुलीला बोलावून विचारले. ती म्हणाली, "सर, पहिल्या दिवशीच कळलं नव्हतं. पण तुम्ही पुढे गेलात. तुम्हाला थांबवायचं कसं?" मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. चार तास माझा माग तुटक्या धाग्यावर चालला होता आणि वर्गात कुणाच्याही हाताशी दोरी नव्हती. आता मी वर्गात काय करतो ते सांगत बसत नाही. जमते कधी, कधी नाही.

असो. आपण टोयोटाकडे परत येऊ. पद्धत चांगली म्हणजे गाडी लगेच चांगली होते, असे नाही. १९५७ साली कंपनीने अमेरिकेत दुकान मांडले. 'टोयोपेट क्राउन' ही गाडी तिकडे नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर सावकाश चालायला ती ठीक होती. अमेरिकेच्या सरळसोट हमरस्त्यांवर वेग घेताच तापू लागली, थरथरू लागली. १९५८ मध्ये साऱ्या अमेरिकेत २८७ गाड्या खपल्या. त्या काळी 'जपानी माल' म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असा जगभर समज होता. १९६० च्या अखेरीस कंपनीने मोटारी पाठवणे थांबवले. बढाई मारत रेटत राहिली नाही. परत गेली ती १९६५ मध्ये, 'कोरोना' ही नवी गाडी घेऊन. त्याच वर्षी तिला डेमिंग पारितोषिक मिळाले. डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५० साली जपानी इंजिनिअरांना दर्जा कसा राखावा याचे धडे त्याने दिले होते. त्याचे त्याच्या देशात त्या वेळी फारसे कुणी ऐकत नव्हते. १९६६ मध्ये कोरोला आली. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा कमी तेल पिणारी छोटी गाडी सगळ्यांना आठवली. या कोरोला नावाच्या गाड्या आजवर पाच कोटींहून अधिक विकल्या गेल्या आहेत.

पण खरी परीक्षा झाली ती १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी. तिथे जनरल मोटर्सचा एक कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. त्याची कीर्ती काय वर्णावी! रोज पाचातला एक कामगार गैरहजर, तक्रारींचे ढीग, कामावर दारू. टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. इमारत तीच, संघटना तीच, बहुतेक माणसेही तीच. काही जणांना जपानला नेऊन कामाची रीत दाखवली. मग त्यांच्या हाती दोरी दिली. वर्ष-दोन वर्षांत त्या कारखान्यातल्या गाड्या जपानी गाड्यांच्या जवळपास दर्जाच्या निघू लागल्या. कामगार आळशी, कामगार बिघडलेला, असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे ते फ्रीमाँटच्या कामगारांनी देऊन ठेवले आहे. तो भागीदारीचा कारखाना २०१० मध्ये बंद झाला, हेही खरे.

मात्र या रीतीत सगळे गोडच आहे, असे समजू नका. सातोशी कामाता नावाचा एक जपानी पत्रकार १९७२ मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटात राबला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिले. त्यात रांगेचा जीवघेणा वेग आहे, सुजलेले हात आहेत, रात्रपाळीनंतरची झोप आहे. दोरी हाताशी असली तरी ती ओढायला दम हवा आणि वेळही हवा. मला ते पुस्तक टोयोटाच्या गौरवग्रंथांच्या शेजारीच ठेवावेसे वाटते.

कोठारात माल न ठेवण्याचा धोकाही एकदा कळून आला. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह होई, आणि टोयोटाचे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तिथेच होत. शिल्लक होती ती दोन-तीन दिवसांची. बघता बघता जपानातले टोयोटाचे कारखाने ठप्प झाले. मग जे झाले ते खेड्यात वणवा लागल्यावर होते तसे. नकाशे वाटले गेले. लहानमोठ्या शेकडाभर कंपन्यांनी आपापली यंत्रे त्या कामाला लावली. शिलाई यंत्रे करणाऱ्या ब्रदर कंपनीनेही व्हॉल्व्ह करून दिले. आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. वर्षानुवर्षे पुरवठादारांशी सोयरिकीसारखे संबंध ठेवले होते, ते कामास आले. पण एकाच दुकानावर सारे अवलंबून ठेवले, ही चूकही तिथेच दिसली.

आणि मग २००९. आदल्या वर्षी टोयोटा विक्रीत जनरल मोटर्सच्या पुढे गेली होती. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सान दिएगोजवळ टोयोटाच्याच लेक्सस गाडीचा अपघात झाला. वेग वाढतच राहिला, गाडी थांबेना, चार माणसे गेली. पायपुसणे वेगाच्या पट्टीत अडकले होते. पुढे पट्टी चिकटण्याचा दोषही निघाला. ऐंशी लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. 'थांबत नाही' ही ख्याती अशा भलत्या अर्थाने खरी व्हावी! फेब्रुवारी २०१० मध्ये किइचिरोचा नातू अकिओ तोयोदा अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे उभा राहिला. आम्ही फार वेगाने वाढलो, माणसे तयार होण्याआधी वाढलो, अशी कबुली त्याने दिली. पुढच्या वर्षी सरकारी तपासात गाडीच्या विजेच्या यंत्रणेत दोष सापडला नाही. पण लोकांपासून माहिती दडवली, हे मात्र उघड झाले, आणि २०१४ मध्ये कंपनीला एकशेवीस कोटी डॉलर दंड भरावा लागला. दोषाबद्दल नव्हे, दडवल्याबद्दल.

आता आपल्या देशाकडे वळू. टोयोटा आणि आपला संबंधही मोटारीच्या आधी सुताचाच. दिल्लीच्या कापडगिरणीवाल्या डी.सी.एम. कंपनीबरोबर १९८० नंतरच्या दशकात टोयोटाचे ट्रक झाले, ते फार चालले नाहीत. मग १९९५ मध्ये किर्लोस्कर आणि तोयोदा यांनी बंगळूरजवळ सूत काढण्याच्या यंत्रांचा कारखाना काढला, आणि १९९७ मध्ये बिडदी येथे मोटारींची टोयोटा किर्लोस्कर कंपनी उभी राहिली. २००० साली क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा. किर्लोस्कर हे नाव आपल्याला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे, म्हणजे साकिचीपेक्षा अवघे दोन वर्षांनी लहान. एकाने आईच्या मागापासून सुरुवात केली, दुसऱ्याने १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलीच्या दुकानापासून. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर शेतकरी विकत घेईना. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती. पहिले नांगर दोन वर्षे पडून होते. मग १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. ही दोन माणसे कधी भेटली नाहीत. त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे मात्र एकमेकांशी जमले. बिडदीत २००७ पासून खेड्यातल्या मुलांसाठी तंत्रशिक्षणाची शाळाही चालते. तिथेच २०२० च्या नोव्हेंबरात कामाच्या ओझ्यावरून कामगार आणि कंपनी यांचा मोठा तंटा झाला, टाळेबंदी झाली. तो काही महिने चालला. आपल्या राज्यात छत्रपती संभाजीनगरजवळ कारखाना काढण्याचा करार जुलै २०२४ मध्ये झाला आहे.

शेवटी अलीकडचे. टोयोटाच्या मालकीची दैहात्सु ही छोट्या गाड्यांची कंपनी आहे. २०२३ च्या डिसेंबरात चौकशी समितीचा अहवाल आला. चौसष्ट प्रकारच्या गाड्यांच्या चाचण्यांत खोटेपणा, आणि सुरुवात थेट १९८९ पासून. अपघातात हवेची पिशवी आपोआप फुगते ना, ती चाचणीत घड्याळ लावून फुगवली होती. का? नव्या गाडीची तारीख ठरलेली आणि ती टळता कामा नये. समितीने म्हटले की, माणसे अडचण वर सांगू शकत नव्हती. पुढच्या महिन्यात मूळ मागाच्याच कंपनीतून, साकिचीने काढलेल्या कारखान्यातून, डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या मोजणीत लबाडी झाल्याचे जाहीर झाले. त्यातली इंजिने आपल्याकडच्या इनोव्हालाही होती. काही दिवस गाड्या रवाना करणे थांबले होते, मग सुरू झाले. जून २०२४ मध्ये खुद्द टोयोटाच्या सात प्रकारच्या गाड्यांच्या चाचण्यांबद्दल अकिओ तोयोदाला वार्ताहरांपुढे वाकून क्षमा मागावी लागली. जोडणीच्या रांगेवर प्रत्येकाच्या डोक्यावर दोरी होती. चाचणीच्या खोलीत ती कुणी बांधली नव्हती.

लग्न लागले, जेवणे झाली, आणि परतीच्या वाटेवर ही सारी कथा मी आमच्या ड्रायव्हरला सांगितली. रस्ता मोकळा होता, त्यालाही ऐकायची हौस होती. इंजिनांची गोष्ट आली तेव्हा त्याने गाडीचा वेग जरा कमी केला.

"सर, म्हणजे इंजिन वाईट होतं का?"

मी म्हणालो, "तसं नाही. ताकदीचे आकडे सरळ रेषेत दिसावेत म्हणून मोजताना बदल केला होता."

"मग हे सांगितलं कोणी?"

"चौकशी झाली, मग कंपनीनंच जाहीर केलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. घाट उतरून झाल्यावर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला नेतोय. विचारतो त्यांना."